अमेरिकेच्या दक्षिणेत घर बघायला जाताय? मग ऑगस्टमध्ये जा

न्यू जर्सीत पस्तीस वर्षं दारापुढचा बर्फ उपसला की निवृत्तीनंतर दक्षिणेची स्वप्नं पडणारच. आमच्या ओळखीतली अर्धी मराठी मंडळी रॅली, अटलांटा, टॅम्पा, ह्यूस्टन अशी नावं घेत असतात. आणि घरं बघायला जातात कधी? वसंतात. आम्हीही मार्चअखेरीस जॉर्जियातल्या सव्हानाला गेलो. अझेलिया फुललेल्या, संध्याकाळी अंगावर पातळ शाल. एजंट म्हणाला, उन्हाळा जरा गरम असतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो, एसीतून गाडीबाहेर पाऊल टाकलं आणि माझा चष्मा धुरकटला. पुसला, पुन्हा धुरकटला. पुढचं सगळं त्या चष्म्यामुळे शिकलो.

पहिलं काम: टक्केवारी सोडा, दवबिंदू बघा

आर्द्रतेची टक्केवारी फसवी असते. हवेत बाष्प तेवढंच असलं तरी पहाटे ७० अंश फॅरनहाइटला ती १०० टक्के दिसते आणि दुपारी ९० अंशांना ५२ टक्क्यांवर येते. दुपार कोरडी झाली असं वाटतं, पण घाम वाळायचं नाव घेत नाही. दवबिंदू म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातलं बाष्प दव होऊन सुटेल ते तापमान. तो आकडा दिवसभर फारसा हलत नाही, म्हणून गावांची तुलना त्यावरच करावी. ६० च्या खाली मस्त. ६५ ला चिकचिक सुरू होते. ७० च्या वर जीव कासावीस होतो आणि ७५ ला मुंबईचा जून.

मी नागपूरची, नवरा गिरगावचा, त्यामुळे हे आमच्या घरात फार समजवावं लागलं नाही. नागपुरात मे महिन्यात वाळ्याचा कूलर खोली गार करतो. तोच कूलर गिरगावात लावला तर पापड सादळतील, गारवा काही येणार नाही. अंगावरच्या घामाचंही तसंच: तो वाळला तर गारवा.

ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, टॅम्पा इथे जुलै-ऑगस्टमध्ये ७० च्या वरचा दवबिंदू ही रोजची गोष्ट. मेक्सिकोचं आखात कोमट पाण्याच्या घंगाळासारखं शेजारी पसरलेलं असतं. अटलांटा आणि रॅली ७० च्या आसपास घुटमळतात. नॅशनल वेदर सर्व्हिस या सरकारी हवामानखात्याच्या तासातासाच्या अंदाजात दवबिंदूची ओळ असते. जुलैभर मनातल्या तीन-चार गावांचे आकडे रोज दुपारी तीनला वहीत लिहा. कंटाळवाणं आहे, पण घर विकत घेण्यापेक्षा स्वस्त.

दुसरं काम: रात्र मोजा

दुपारी माणूस घरातच बसतो, खरा प्रश्न फिरायला जायच्या वेळेचा. दमट हवा रात्री उष्णता सोडत नाही. न्यू ऑर्लिन्सला जुलैत रात्रीचं सरासरी किमान तापमान ७५ च्या वर राहतं. उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरातल्या ॲशव्हिलला, सुमारे २,१०० फुटांवर, ते ६५ च्या आसपास उतरतं. त्याच डोंगरातलं बून गाव तर ३,३३३ फुटांवर आहे. उंची वाढली की गारवा वाढतो, हे माथेरानला गेलेल्या माणसाला सांगायला नको. ‘नोआ’ या अमेरिकी हवामान-समुद्र संस्थेच्या १९९१ ते २०२० च्या सरासरीत हे आकडे मिळतात. मात्र ती मागची तीस वर्षं. तुम्हाला पुढची वीस काढायची आहेत, आणि दक्षिणेतल्या रात्री आता पूर्वीपेक्षा गरम होत चालल्या आहेत.

तिसरं: स्वतःचं शरीर

“मुंबईत वाढलोय, मला दमटपणाचं काय सांगतेस?” हे आमच्याकडचं वाक्य. वाढला तो विशीतला मुलगा होता. वय वाढलं की घाम कमी येतो, तहान उशिरा लागते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी आणखी कमी होतं. रक्तदाब-हृदयासाठीच्या काही गोळ्याही (बीटा ब्लॉकर्स) उष्णता सोसायच्या आड येतात. ९० अंश आणि ७० टक्के आर्द्रता मिळून शरीराला १०५ अंशांच्या घरातली गरमी वाटते. गोळ्यांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा.

चौथं: दहा दिवस राहून या

जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, हॉटेलात नव्हे, भाड्याच्या घरात. भाजी स्वतः आणा, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला चाला, दुपारी मेडिकल स्टोअरपर्यंत जाऊन या. चौथ्या-पाचव्या दिवशी चालणं टाळायला सबबी सुचू लागल्या, तर उत्तर मिळालं. शेजाऱ्यांना गावाबद्दल विचारू नका, सगळे कौतुकच करतात. ऑगस्टचं विजेचं बिल विचारा.

घर बघताना कपाटं उघडून वास घ्या, घराच्या फरशीखालच्या पोकळीत वाकून बघा. बुरशी लपत नाही. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत राहायला हवी. गरजेपेक्षा मोठा एसी घेणं हा तिथला नेहमीचा घोळ: तो झटकन गार करून बंद होतो आणि ओल तशीच राहते. दम्याच्या माणसानं इकडे दुर्लक्ष करू नये.

पाचवं: वीज गेली तर?

जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळानं ह्यूस्टन परिसरातल्या २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवडाभराहून जास्त, आणि तेही ऐन उकाड्यात. डोंगर सुरक्षित, असं मीही म्हणत होते. त्याच सप्टेंबरात हेलीन चक्रीवादळाच्या पुरानं ॲशव्हिलच्या नळांना सात आठवड्यांहून अधिक काळ पिण्याजोगं पाणी नव्हतं. तेव्हा जनरेटर आहे का, पत्त्यावर ‘फेमा’ या सरकारी आपत्ती संस्थेचा पूरनकाशा काय दाखवतो, हे सौद्याआधी बघा. साध्या घरविम्यात पूर धरलेला नसतो, आणि सरकारी पूरविमा सहसा ३० दिवसांनी लागू होतो.

आम्ही अजून ठरवलेलं नाही. यंदा जून ते सप्टेंबर ॲशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलला भाड्यानं राहतोय. चष्मा आतापर्यंत दोनदाच धुरकटलाय.