लॅपटॉपवर झकास, प्रिंटमध्ये काळपट: लग्नाचे फोटो कसे सुधारले

फोंड्याकडच्या देवळाच्या हॉलमधलं लग्न. लॅपटॉपवर छान दिसणारे फोटो प्रिंट होऊन आले ते काळपट, आणि नवरीचा चेहरा हळद उतरल्यावरही पिवळाच. लॅबचा दोष नव्हता. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण असल्यामुळे अंधारा फोटोही उजळ वाटत होता. तो निम्म्यावर आणला आणि हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) बघून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अर्धा स्टॉप वाढवलं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

पिवळेपणा मिश्र उजेडाचा: मंडपात पिवळे बल्ब, दारातून दुपारचं ऊन. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) होत्या म्हणून निभावलं. अंतरपाटाच्या पांढऱ्या भागावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (टेकवलेला भाग पांढरा-करडा धरून बाकीचे रंग जुळवणारं साधन) टेकवला आणि तोच आकडा त्या जागेच्या सगळ्या फोटोंना दिला. ड्रॉपर चुकून कुंकवाच्या स्वस्तिकावर पडला तर सगळं वऱ्हाड निळसर-हिरवं होतं!

प्रिंटला जेपेग, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतच. जास्त रंग मावणाऱ्या अ‍ॅडोब आरजीबीतली फाइल दिली आणि लॅबने प्रोफाइल (फाइलमधली रंगपद्धतीची नोंद) वाचलं नाही, तर शालूचा लाल मरगळतो. ८×१२ इंचांना २४००×३६०० पिक्सेल, म्हणजे ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल). ८×१० मागितलं तर लांबीतले २ इंच कापले जातात; ग्रुप फोटोत कडेच्या मावश्या पहिल्या जातात. फाइल पेनड्राइव्हवर न्या, फोटो म्हणून पाठवल्या तर व्हॉट्सअ‍ॅप त्या दाबून लहान करतं.

आधी ४×६ चे ५ नमुने काढून खिडकीच्या उजेडात पाहिले, मगच बाकीची ऑर्डर. कागद मॅट घेतला. ग्लॉसी प्रिंट आपल्या पावसाळ्यात अल्बमच्या प्लास्टिकला चिकटतो आणि सोडवताना रंगच निघून येतो.