रोस्टरीत नोकरी धरण्याआधी

रोस्टरीत, म्हणजे कॉफीचे दाणे भाजतात तिथे, नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी घरी कॉफीचं एक पाकीट आणलं. मावशी आलेली होती. तिने चष्मा चढवून पाकिटावरचं नाव वाचलं, ‘रत्नागिरी इस्टेट’, आणि विचारलं, "आपल्या रत्नागिरीत कॉफी कधीपासून व्हायला लागली गं?" मी बिनदिक्कत ठोकून दिलं, "होते आता, वरच्या बाजूला." दुसऱ्या दिवशी कळलं की ही रत्नागिरी कर्नाटकातल्या चिकमंगळूर जिल्ह्यात आहे, हापूसवाल्या रत्नागिरीशी तिचा काडीचा संबंध नाही. महाराष्ट्रात कॉफी होते ती चिखलदऱ्याला, तीही थोडीच. मावशीला मी अजून खरं सांगितलेलं नाही.

या धंद्यात बहुतेक जण माझ्यासारखेच येतात. कॅफेत बसायला आवडतं, कॉफीचे फोटो काढायला आवडतात, दाण्याबद्दल मात्र ओ की ठो माहीत नसतं. त्याने काही बिघडत नाही. न विचारता ठोकून दिलं की बिघडतं.

मी डोंबिवलीची, रसायनशास्त्रात बीएस्सी. मुंबईतल्या एका रोस्टरीत चार वर्षं झाली. आधी पॅकिंग, मग चव-तपासणी, आता मशीनवर. ओळखीतली मुलं-मुली विचारतात, ‘आम्हालाही यायचंय, सुरुवात कुठून करू?’ त्यांना मी आधी दुकानं बघायला पाठवते.

एक अख्खा शनिवार काढा. सकाळी माटुंगा पूर्वेला जा. तिथे म्हैसूर कन्सर्न्स, फिलिप्स यांसारखी जुनी कॉफीची दुकानं आहेत. गिऱ्हाईक येतं आणि पीबेरी किती, प्लांटेशन किती, चिकोरी किती ते सांगतं. की समोर दळून पुडा हातात. हे शब्द कान देऊन ऐका, कारण त्यातच अर्धी प्रतवारी येते. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन चपट्या बिया असतात. कधी एकच वाढते आणि गोल होते, ती पीबेरी. प्लांटेशन म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक), आणि पुढचं ए किंवा एए हे चाळणीवरून ठरलेलं आकाराचं माप. चिकोरीचंही कायद्याने ठरलंय: मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवीच.

दुपारी तिकडून नव्या दुकानांकडे वळा. वांद्र्याच्या चॅपल रोडवर २०२० साली सुरू झालेलं सबको आहे, खारच्या चुइम गावठाणात कोइनोनिया. दिल्लीत २०१३ साली सुरू झालेल्या ब्लू टोकाईने महालक्ष्मीच्या लक्ष्मी वुलन मिलमध्ये रोस्टरी थाटली. इथल्या पाकिटांवर मळ्याचं नाव, झाडाचा वाण, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख असते. एकाच दिवसात दोन्ही बघितलंत की लक्षात येईल, माल तोच, पण माटुंग्यात गिऱ्हाईक चव ठरवून येतं आणि इथे दुकानदार त्याला मळ्याची चव दाखवू बघतो. आमच्या क्षेत्रातल्या नव्या पोरांना माटुंग्याची टिंगल करायची खोड असते, मला ती आवडत नाही. गिऱ्हाईकाचा चेहरा बघून त्याचं मिश्रण आठवणारा माणूस आमच्या रोस्टरीत तरी अजून तयार झालेला नाही.

आता कामाचं. पहिले तीन-चार महिने तुम्ही मशीनला हात लावणार नाही. पन्नास-साठ किलोची पोती ओढायची, पाकिटं भरायची, सील करायची, झाडू मारायचा. झाडू हे मी गमतीने म्हणत नाहीये. भाजताना दाण्यावरची पातळ साल सुटते आणि ते फोलपट हवेबरोबर एका डब्यात जाऊन साठतं. फोलपट अगदी कोरडं असतं, कागदासारखं पेटतं. माझ्या पहिल्या पावसाळ्यात एकदा गर्दीच्या दिवशी तो डबा रिकामा करायचा राहिला, आणि राहिला तो माझ्याकडूनच. संध्याकाळी त्यातून धूर यायला लागला. आग आतच राहिली, पण तो दिवसभराचा माल गेला आणि दोन दिवस मशीन उघडून साफ करण्यात गेले. कुणी ओरडलं नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

पॅकिंगच्या काळात निवडायचं कामही येतं. भाजलेल्या दाण्यांत काही फिकट, भुईमुगाच्या रंगाचे राहून जातात, त्यांना क्वेकर म्हणतात. फळ कच्चं तोडलं गेलं की त्यात साखर कमी, आणि साखर कमी की दाणा भाजूनही रंग धरत नाही. एक-दोन क्वेकर कपात गेले तरी शेंगदाण्याच्या टरफलासारखी चव येते. ताटात तांदूळ पसरून खडे निवडलेत ना कधी? हात तोच.

हिशोबही तिथेच शिकून घ्या, नंतर कोणी शिकवत नाही. दहा किलो कच्चे दाणे घातले की पाण्याची वाफ आणि फोलपट जाऊन साधारण साडेआठ किलो हाती येतात. म्हणजे पाव किलोची ३४ पाकिटं. गडद भाजलंत तर आणखी कमी. त्यात बिघडलेल्या बॅचा, नमुने, कपिंगला, म्हणजे चव-तपासणीला, गेलेला माल धरा, मग पाकिटाची किंमत बघून ‘एवढे पैसे?’ म्हणणं आपोआप बंद होतं.

मशीनवर उभं राहिल्यावरचं सांगते, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. ड्रम तापवून, समजा २०० अंशांच्या आसपास, दाणे आत सोडतो. तापमानाचा आकडा धडाधड खाली येतो आणि नव्या माणसाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, थंड दाणे आत आले म्हणून काटा उतरतो, एका जागी वळतो आणि चढायला लागतो. पहिल्यांदा ओल्या गवताचा वास येतो. दाणा पिवळा पडला की वास बदलतो, आणि माझ्यासाठी तो थालीपिठाच्या भाजणीचा वास असतो, धणे घालायच्या आधीचा. मग तपकिरी रंग, आणि मग फर्स्ट क्रॅक: दाण्यातली वाफ आणि वायू बाहेर पडताना लाह्या फुटल्यासारखा आवाज. पुढचं एक-दीड मिनिट फार मोलाचं. लवकर काढलं तर आंबट, गवताळ; रेंगाळलात तर मळ्याची चव जाऊन नुसती भाजल्याची चव उरते. आणखी पुढे सेकंड क्रॅक येतो, तो मोहरी तडतडावी तसा बारीक आणि भराभर. आम्ही बहुतेक बॅचा तिथे पोचायच्या आतच काढतो. दाणे घातल्यापासून इथवर सगळं मिळून दहा-बारा मिनिटं.

आई भाजणी अंदाजाने करते आणि दरवेळी उत्तम होते. रोस्टरीत मात्र आजची बॅच कालच्यासारखीच लागली पाहिजे, म्हणून दर अर्ध्या मिनिटाला तापमान, गॅस, हवा लिहायची. आता संगणक आलेख काढून देतो. आर्टिसन नावाचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं, घरी उतरवून त्यातले आलेख वाचायची सवय आधीच करा. मी तरीही वही ठेवते, कारण ‘आज बाहेर धो धो पाऊस, दाणे आळशी’ असं आलेखात कुठे लिहिणार? मुंबईचा पावसाळा कच्च्या दाण्याचा वैरी आहे. दाण्यात १० ते १२ टक्के ओलावा असावा लागतो. ज्यूटच्या पोत्यात उघडा ठेवला तर जुलैत तो हवेतलं पाणी ओढतो आणि कपात गोणपाटाची चव येते. म्हणून आतून हवाबंद प्लास्टिकची पिशवी.

जिभेचं काय, ही भीती सगळ्यांनाच असते. मी पहिल्या कपिंगला गेले तेव्हा बाकीचे ‘संत्रं, चमेली’ म्हणत होते आणि मला फक्त कॉफी लागत होती. घरी सराव करा. लिंबात सायट्रिक आम्ल, हिरव्या सफरचंदात मॅलिक, चिंचेत टार्टारिक, दह्यात लॅक्टिक. चारही पाण्यात पातळ करून डोळे मिटून ओळखायचे. आणि दुसऱ्या कुणाचे शब्द उसने आणू नका. मला एका कपात काकवी लागली आणि मी तसंच लिहिलं, मुख्य रोस्टर खूश झाले. कपिंगची पद्धत सोपी आहे: दीडशे मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड, पाणी ९३ अंश, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडून वास घ्यायचा, निवली की चमच्याने ओढायची. ओढायची म्हणजे अक्षरशः फुर्र करून, कॉफी तोंडभर उडाली पाहिजे. आजोबा बशीतून चहा असाच प्यायचे आणि आम्हाला लाज वाटायची. आता मला त्याचा पगार मिळतो.

पगाराचंच सांगायचं तर सुरुवातीला कमी असतो. बँकेत लागलेल्या मैत्रिणीपेक्षा माझा बराच कमी होता आणि डोंबिवलीहून रोजची लोकल वेगळी. घरी हे आधीच स्पष्ट सांगा.

कोर्सबद्दल माझं मत थोडं उलटं आहे. महागड्या प्रमाणपत्रांसाठी आधीच पैसे भरू नका. सहा महिने काम करा, मग कळेल तुम्हाला जीभ हवीय की मशीन की काउंटर. बेंगळुरूच्या कॉफी बोर्डाचं ‘कापी शास्त्र’ हे काही दिवसांचं प्रशिक्षण मात्र नवख्यांना खरंच उपयोगी आहे. विज्ञान किंवा शेतीची पदवी असेल आणि गुणवत्ता-तपासणीतच जायचं असेल, तर बोर्डाचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा बघा. आणि जमलं तर डिसेंबर-जानेवारीत कर्नाटकातल्या चिकमंगळूर किंवा कोडगूला तोडणीच्या वेळी जाऊन या. एस-७९५ हा वाण मी दोन वर्षं भाजत होते; त्याचं झाड पाहिलं तेव्हा कळलं की लाल आणि हिरवी फळं एकाच फांदीवर शेजारी शेजारी असतात. क्वेकर कुठून येतो ते तिथे दिसलं.

मुंबईच हवी असंही नाही. नागपुरात कॉरिडॉर सेव्हन आहे, आणि लहान शहरातल्या रोस्टरीत माणसं कमी असल्यामुळे सगळी कामं लवकर हातात येतात.

अर्ज करायचा तर मार्च ते मे बघा. नवं पीक येतं, नमुन्यांचा ढीग पडतो आणि हात कमी पडतात. ईमेलपेक्षा एखाद्या मंगळवारी दुपारी तीनला दुकानात जा, गर्दी नसते. एक कॉफी घ्या, ती कधी भाजली ते विचारा, आणि एक दिवस नुसतं बघायला येऊ का, असं विचारा. हो म्हणाले तर अत्तर लावून जाऊ नका, आणि पायात बंद बूट घाला. दाणे थंड करायच्या ट्रेमधून उडालेला गरम दाणा चपलेत गेला की दुसऱ्या पायावर नाचावं लागतं.