किडा छोटा, चुका त्याच: फोकस स्टॅकिंग करताना या टाळा

फोकस स्टॅकिंग म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो (फ्रेम) काढायचे आणि सॉफ्टवेअरने त्यांतले स्पष्ट भाग जोडून एकच फोटो, म्हणजे स्टॅक, बनवायचा. बिघडलेला स्टॅक दाखवून लोक विचारतात, "सॉफ्टवेअरमध्ये कुठलं सेटिंग चुकलं?" सेटिंग बहुधा ठीकच असतं. किडा हललेला असतो.

हो, मेलेला किडाही हलतो. मला हे तांदळातल्या सोंडकिड्याने शिकवलं. जेमतेम 3 मिलिमीटरचा, पाय पोटाशी आवळून आखडलेला. ओल्या कापसाच्या डबीत रात्रभर ठेवून मऊ केला, सकाळी पाय-मिशा पसरल्या आणि धीर न धरता थेट 10एक्स ऑब्जेक्टिव्हसमोर (दहापट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगासमोर) लावला. 0.8 मिलिमीटरची खोली, दर फ्रेमला 4 मायक्रॉनची (0.004 मिलिमीटरची) पायरी, म्हणजे 200 फ्रेम. हाताने फोकसचा नॉब फिरवण्यात पाऊण तास गेला. स्टॅक तयार झाला तेव्हा सोंड सुरेख आली होती, डोळ्यातली भिंगं एकेक मोजता येत होती. पण मिशी मध्येच तुटल्यासारखी आणि टोकाला दुहेरी. दिव्याच्या उबेने ओल उडत होती, तसतशी मिशी खाली झुकत गेली होती.

आता मऊ केलेला किडा मी आठवडाभर सुकवतो, पावसाळ्यात सिलिका जेल घातलेल्या डब्यात. एलईडी वापरायचा असेल तर अर्धा तास आधी लावून ठेवतो. शेवटची फ्रेम झाली की नॉब पहिल्या खुणेवर आणून पुन्हा एक फोटो घेतो आणि पहिल्याशी ताडून बघतो. एवढं करायला वेळ नाही म्हणणाऱ्यांनी आधी एक स्टॅक हाताने दुरुस्त करून बघावा.

दुसरी चूक प्रकाशाची. भुंगेऱ्याची पाठ म्हणजे बहिर्गोल आरसा. समोर जे असेल ते त्यात दिसतं. रिंग लाइट लावला की पाठीवर पांढरं कडं उमटतं आणि त्याखालचे खड्डे, रंग सगळं जातं. पांढरं जळलेलं एडिटिंगमध्ये परत येत नाही. डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) मोठा असून भागत नाही, तो किड्याच्या जवळ हवा, कारण किड्याच्या जागेवरून तो केवढा दिसतो यावर प्रकाशाचा मऊपणा ठरतो. मी टेबल टेनिसचा अर्धा चेंडू किड्यावर पालथा घालतो, लेन्सपुरतं भोक पाडून, आणि बाहेरून दोन फ्लॅश देतो. पण दोन्ही सारख्या ताकदीचे ठेवू नका. सोंडकिड्याच्या पाठीवर चार तांबूस ठिपके आणि खड्ड्यांच्या ओळी असतात. चहूबाजूंनी सारखा उजेड पडला की ठिपके दिसतात, खड्डे सपाट होतात. एका बाजूचा फ्लॅश निम्म्यावर आणा, खड्ड्यांना कड येते.

बाकीच्या चुका थोडक्यात. फोकसमधली खोली वाढावी म्हणून मॅक्रो लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक करून एफ/16 वर नेऊ नका. 1:1 ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराचा पडतो तेव्हा, तो साधारण एफ/32 होतो आणि विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) प्रत्येक फ्रेम मऊ पडते. पंखा बंद. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही मॅन्युअल. धूळ आधीच, ओल्या बारीक ब्रशने काढा. सेन्सरवरची धूळही साफ करा, नाहीतर फ्रेम जुळवताना एका कणाची लांबट रेघ होते.

झेरीन स्टॅकर या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम जोडण्याच्या पीमॅक्स आणि डीमॅप अशा दोन पद्धती आहेत; त्यांतली कुठली चांगली, हा वाद मी घालत नाही. दोन्ही चालवतो. गुळगुळीत पाठ डीमॅपची ठेवतो आणि एकमेकांवर आलेले केस, मिशा पीमॅक्समधून ब्रशने त्यावर उतरवतो.