गाडीखाली ऑईलचा डाग: खाली वाकण्याआधी वर बघा

माझ्या गाडीखाली पहिल्यांदा ऑईलचा डाग दिसला तेव्हा मी सरळ खाली वाकून पाहिलं. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या टाकीच्या, ड्रेन नटावर (ऑईल काढायच्या नटावर) थेंब लोंबत होता. नट सैल झाला असेल म्हणून पाना घातला आणि आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. पुन्हा आवळला, या वेळी जोर लावून. तिसऱ्या वेळी ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटेच गेले. आणि गळती त्या नटातून नव्हतीच! ती होती इंजिनाच्या माथ्यावर, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून. तिथून पाझरलेलं ऑईल इंजिनाच्या मागच्या अंगाने उतरत, चेंबरच्या कडेने सरकत सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे नटावर येऊन थेंब धरत होतं. म्हणून कळकळीने सांगते, पाना हातात घेण्याआधी गळती कुठून आहे ते शोधा.

आधी ते इंजिन ऑईलच आहे ना, ते बघा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा किंवा जाड कागद पसरून ठेवा. इंजिन ऑईल तपकिरी-काळं आणि बोटांना बुळबुळीत लागतं. हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर बहुतेक एसीचं, काळजीचं कारण नाही. चाकाजवळ पातळ, पिवळसर द्रव दिसला तर ते ब्रेक ऑईल असू शकतं. तशी गाडी चालवूच नका.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी मोजायची पट्टी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली. पातळी खालच्या खुणेपाशी असेल तर आधी ऑईल भरा, दुरुस्ती नंतर. चालत्या गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

आता शोध. इंजिन थंड असताना डीग्रीजर (तेलकटपणा काढणारा द्रव) मारून सगळं तेलकट चिकटलेलं पुसून काढा. अल्टरनेटर आणि वायरिंगचे सॉकेट प्लास्टिकच्या पिशवीने झाका. इंजिन कोरडं झालं की पिशव्या काढून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, बंद करा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात वरची ओली जागा म्हणजे गळतीचं मूळ. चालत्या गाडीत वारा ऑईल मागे ढकलतो, म्हणून जितकं वर तितकंच पुढेही बघा. गळती फार बारीक असेल तर संशयाच्या जागी, इंजिन थंड असताना, टाल्कम पावडर भुरभुरवा. थोडी गाडी फिरवून आलात की पावडरीवर ओली रेघ उमटलेली दिसते.

ड्रेन नटच गळत असेल तर बहुधा त्याचा वायसर दबलेला असतो. ऑईल बदलताना नवा घाला, जोर लावू नका. नुकताच फिल्टर बदलला असेल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, ते पाहा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑईल भसाभस बाहेर येतं. ऑईल प्रेशर स्विचचा (ऑईलचा दाब कमी झाला की लाल दिवा लावणाऱ्या स्विचचा) वायरचा सॉकेट काढल्यावर आत ऑईल दिसलं, तर स्विच गेला. खाली काम करायचं तर गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका.

पण जुन्या गाडीत बहुतेक वेळा दोषी निघतं ते टॅपेट कव्हरचं पॅकिंग, आणि ते घरी बदलता येतं. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. वर आलेले पाइप आणि स्पार्क प्लगच्या कॉइल काढताना प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. स्पार्क प्लगच्या विहिरीत ऑईल साचलं असेल तर तिथली सीलही बदला. कव्हरचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून नवं पॅकिंगही गळेल. रबरी हातोडीने कडेला हलकेच ठोका.

माझं जुनं पॅकिंग खाचेतून ओढलं तेव्हा ते कटकन तुटलं. नख रुतेना, इतकं कडक झालं होतं. नवं मात्र बोटाभोवती गुंडाळलं की सोडताच सरळ होत होतं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबराची लवचीकता जाते आणि गळती सुरू होते, ती अशी.

कव्हरची खाच आणि हेडची (कव्हर ज्यावर बसतं त्या भागाची) कड प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसा. कचरा आत पडू देऊ नका. शिलंट, म्हणजे फटी बुजवणारी पेस्ट, फक्त टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचं झाकण) आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर, तेही मसुराएवढं. चारी बाजूंनी थापलं तर आत दबलेले तुकडे सुटून ऑईल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनच उपाशी राहतं.

बोल्ट आता मधून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. किती आवळायचे त्याचा अचूक आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. बऱ्याच गाड्यांत तो १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे १० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलोचा जोर. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना) मिळाला तर नक्की वापरा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साचणाऱ्या वायूला वाट करून देणारी झडप. तो तुंबला की इंजिनातला दाब नव्या पॅकिंगमधूनही ऑईल बाहेर ढकलतो. बऱ्याच गाड्यांत तो काढून हलवला की खुळखुळतो. असा व्हॉल्व्ह गप्प बसला तर बदला.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून ऑईल येत असेल तर मागची क्रँक सील (इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीची सील) गेलेली असू शकते. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम गॅरेजचं.

शिलंट लावलं असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा २४ तास, थांबा. पहिल्यांदा चालू केल्यावर एक्झॉस्टवर सांडलेलं ऑईल जळून थोडा धूर येईल. तो काही मिनिटांत थांबायला हवा, तोवर बोनेट उघडं ठेवून समोर उभे राहा. पुठ्ठा आठवडाभर तसाच राहू द्या.