मदतपानं लिहायला बसण्याआधी: अवजारं निवडण्याची तयारी

मोहोर धरायच्या आत मदतपानं, म्हणजे ‘हे कसं करायचं’ सांगणारी पानं, तयार हवीत, एवढंच आमच्या कामाचं वेळापत्रक. देवगड तालुक्यातल्या एका आंबा पॅकिंग शेडला आणि त्यांच्या वाशीच्या गाळ्याला आम्ही नेक्स्टक्लाउड, म्हणजे फाईली एका सर्व्हरवर ठेवून सगळ्यांना वापरू देणारं सॉफ्टवेअर, बसवून दिलं. रोजच्या पेट्यांचा तक्ता, गाडी भरल्याचे फोटो, सगळ्यांचं एक कॅलेंडर आणि निरोपांसाठी टॉक, एवढाच पसारा. मार्च लागला की त्यांना वाचायला सवड नसते आणि आम्हाला लिहायला. गेल्या खेपेला मी अवजारांचे, म्हणजे ही पानं लिहायच्या आणि दाखवायच्या सॉफ्टवेअरचे, तुलनातक्ते करण्यातच डिसेंबर घालवला. तो पुन्हा जाऊ नये म्हणून ही यादी.

अवजाराचं नाव निघायच्या आधी मागच्या हंगामातले व्हॉट्सअॅपवरचे प्रश्न जसेच्या तसे उतरवून काढा. भाषा सुधारू नका. आमच्याकडे ‘फोटो गेला का ते कसं कळणार’, ‘कालचा तक्ता कोणी पुसला’ आणि ‘वाशीवाल्यांना जुनाच आकडा दिसतोय’ हे तीन पुन्हापुन्हा आले होते. तिसऱ्याचं मूळ असं, की दोन कॉम्प्युटरवर एकच फाईल रेंज नसताना बदलली, की रेंज आल्यावर नेक्स्टक्लाउड एक प्रत बाजूला ठेवतं आणि तिच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं घालतं. वाचणाऱ्याला त्या नावाचा काही बोध होत नाही. असे दहा-पंधरा प्रश्न हातात आले, की त्यातल्या दोनांची पानं साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून काढा. प्रत्येक अवजार याच दोन पानांवर चालवून बघायचं. विक्रेत्याच्या नमुना पानावर सगळीच अवजारं छान दिसतात.

मग ठरवायचं, पान दुरुस्त कोण करणार. मी एकटी करणार असेन तर मार्कडाऊनच्या (साध्या खुणा घातलेल्या टेक्स्टच्या) फाईली, बदलांची नोंद ठेवणारं गिट आणि त्या फाईलींची वेबसाईट बनवणारं एमकेडॉक्स किंवा डॉक्युसॉरस यापलीकडे बघायचं कारण नाही. कोणी काय बदललं ते ओळीगणिक दिसतं, आणि चुकलं तर मागे जाता येतं. पण एप्रिलमध्ये गाडीची वेळ बदलते तेव्हा ती पहिली कळते शेडमध्ये हिशेब बघणाऱ्या ताईंना. त्यांना गिट शिकवण्याचा माझा प्रयत्न एका दुपारीच संपला, आणि चूक त्यांची नव्हती. तिथे बुकस्टॅकसारखं विकी, म्हणजे ब्राउझरमध्येच पान दुरुस्त करता येणारी साईट, बरं. पुस्तक, प्रकरण, पान अशी रचना कोणालाही समजते, आणि ‘संपादन’ दाबलं की लिहिता येतं. नेक्स्टक्लाउडची स्वतःची मॅन्युअल्स स्फिंक्स या आणखी एका अवजारात आहेत. त्यात वापरणाऱ्याचं पुस्तक वेगळं आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याचं वेगळं. ही विभागणी उचलावी, अवजार उचलायलाच हवं असं नाही. डिटासारखी एक्सएमएलच्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत, जी 2005 पासून ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाण आहे, ती शेकडो पानं आणि दहा उत्पादनं असतील तेव्हा कामाची. चाळीस पानांसाठी ती म्हणजे होडी ओढायला क्रेन.

आता शोध. इथे घाई करू नका, मी केली होती. पहिल्या आठवड्यात शेडच्या मुकादमांचा फोन आला, ‘ताई, माका कायच गावाक नाय.’ मी पान उघडून बघितलं तर सगळं जागेवर. शोधाच्या चौकटीत मराठी शब्द टाकला आणि खाली शून्य. एमकेडॉक्सचा अंगचा शोध लुनर या लायब्ररीवर चालतो. तिच्या मूळ सेटिंगमध्ये शब्दाच्या दोन्ही टोकांची विरामचिन्हं छाटणारा एक भाग आहे, आणि इंग्रजी अक्षरं, आकडे व अंडरस्कोर सोडून बाकी सगळं त्याच्या लेखी छाटण्यालायक. म्हणजे ‘पेटी’ हा शब्द पूर्णच छाटला जातो. सेटिंग बदलून यातून वाट निघते, पण ते आधी माहीत हवं. म्हणून कुठलंही अवजार बघताना पहिल्या पाच मिनिटांत मराठी शब्द शोधून बघा.

तेवढ्यावरही थांबू नका. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाईप होतो, नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून किंवा साध्या र ला हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, युनिकोडच्या हिशेबात वेगळे. मी एका तऱ्हेने लिहिलं आणि त्यांच्या फोनचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेने लिहीत असेल तर जुळणार कसं? आपल्या बाजूने एकच तऱ्हा ठरवा, आणि अवजार शोधताना दोन्ही एक करून घेतं का ते तपासा. मग विभक्ती. सुरुवातीची अक्षरं जुळवणारा शोध असेल तर ‘फोटो’ शोधल्यावर ‘फोटोमध्ये’ सापडतं, पण ‘तक्ता’ शोधला तर ‘तक्त्यात’ राहून जातं. अर्धे लोक तर मराठी इंग्रजी अक्षरांतच टाईप करतात. त्यासाठी पानाला लपलेले शोधशब्द जोडायची सोय हवी, आणि लोकांनी काय शोधलं व काय सापडलं नाही याची नोंद आम्हाला दिसायला हवी. ही नोंद देणारं अवजार बाकी बाबतींत थोडं डावं असलं तरी मी ते घेईन.

छपाईही आत्ताच बघा. पावसाळ्यात आणि त्याआधीच्या वळवातही लाईट जाते, टॉवर बंद पडतो, आणि मग भिंतीवरचा कागदच कामी येतो. एका अवजाराने काढलेल्या पीडीएफमध्ये सगळ्या पहिल्या वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेल्या होत्या आणि जोडाक्षरं सुटी झाली होती. देवनागरीची अक्षरजुळणी न करणाऱ्या पीडीएफ लायब्रऱ्यांचं हे नेहमीचं. ‘किनाऱ्यावरील राष्ट्रीय विक्री’ अशी एक ओळ चाचणीला ठेवा. बिघडली तर ब्राउझरमधूनच छापून बघा, बहुतेकदा नीट येतं. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा म्हणून ‘एमआर’ (मराठीची खूण) नोंदवता येते का तेही बघा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

पानं फोनवर उतरवून ठेवायची असतील तर एमकेडॉक्समध्ये डिरेक्टरी-यूआरएलची (दुवा फाईलऐवजी फोल्डरकडे नेणारी) सेटिंग बंद करावी लागते, नाहीतर दुव्यावर टॅप केलं की पान न उघडता फोल्डरची यादी समोर येते. आणि फोनवरची चाचणी टेबलाशी बसून करू नका. शेडमध्ये आंब्याच्या चिकाचे हात असतात. एका बोटाने, तेही अर्धवट उमटणाऱ्या, पान सरकवून बघा. बाजूचा मेनू उघडायला बारीक तीन रेघा शोधाव्या लागत असतील तर तो कोणी उघडणार नाही.

चित्रांसाठी खोटा डेटा भरलेलं एक खातं आधीच करून ठेवा. आमच्या पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये एका बागायतदाराचा भाव आणि फोन नंबर वाशीपर्यंत दिसत राहिला. बटणांची नावं फोनवर दिसतात तशीच लिहा. शेडमधले फोन इंग्रजीवर आहेत, तर ‘शेअर’ लिहा, ‘सामायिक करा’ लिहून कोणाचं भलं होत नाही.

पैशांचं लवकर आटपतं: दर माणशी भाडं असेल तर हंगामात वाढणारी माणसं मोजा. बाहेर पडायचा रस्ता मात्र सही करायच्या आधी चालून बघा. कॉन्फ्लुअन्स या विकतच्या विकीच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार 15 फेब्रुवारी 2024 ला संपला, आणि ती स्वतःच्या मशीनवर चालवणाऱ्यांना हलावंच लागलं. अशी वेळ कुठल्याही अवजारावर येऊ शकते. मी एकदा एका सेवेतून दोनशे चित्रं बाहेर काढली, ती आली, पण सगळ्यांची नावं नुसते आकडे. कुठलं चित्र कुठल्या पानाचं हे जुळवण्यात गणपतीची सुट्टी गेली.

यंदा शेडची पानं विकीत आणि सर्व्हरची आमची पानं मार्कडाऊनमध्ये, असं ठरलंय. ताईंनी पहिलं पान स्वतःच दुरुस्त केलं, त्यात ‘अपलोड’चं ‘चढवणे’ केलं, आणि मी ते तसंच ठेवलं. भिंतीवरचे दोन कागद लॅमिनेट करायला जामसंड्याला जायचं तेवढं बाकी आहे.