लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम रास्पबेरी पायवर नेताना

प्रोग्रॅमची फाईल रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय') या छोट्या संगणकावर न्यायला उचलण्याआधी तिची जात बघा. लॅपटॉपवर 'फाइल' ही कमांड त्या प्रोग्रॅमवर चालवली की तो कोणत्या प्रोसेसरसाठी बांधलाय ते कळतं. 'एक्स८६-६४' (इंटेल-एएमडी प्रोसेसरची जात) दिसलं, तर तो पायवर तसाच चालणार नाही, 'एक्झेक फॉरमॅट एरर' येईल. त्यावर परवानग्या बदलत बसू नका. आर्मसाठी, म्हणजे पायच्या प्रोसेसरसाठी, बांधलेली फाईल शोधा.

३२ बिट की ६४ हे ठरवताना पायवर 'यूनेम -एम'च्या भरवशावर राहू नका. ती कर्नलपुरतंच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यापुरतंच, बोलते. कर्नल ६४ बिटचं आणि बाकी सिस्टिम ३२ बिटची, असा प्रकार पायवर सर्रास दिसतो. 'गेटकॉन्फ लाँग_बिट' खरा आकडा देते.

आता लॅपटॉपवर 'शा२५६सम' चालवून येणारी ६४ अक्षरं (फाईलचा ठसा) जपून ठेवा, फाईल 'एससीपी' या कमांडने नेटवर्कवरून पाठवा आणि पायवर तीच कमांड पुन्हा चालवा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाईल पुन्हा पाठवा. जुन्या एफटीपीने पाठवत असाल तर आधी 'बायनरी' मोड लावा. टेक्स्ट मोडमध्ये ओळ संपल्याची खूण समजून ०ए हा बाइट ०डी ०ए केला जाऊ शकतो, आणि प्रोग्रॅमची वाट लागते. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चालवण्याची परवानगी वाटेतच गळते आणि ४ जीबीची फाईल मावत नाही. 'टार' कमांडने गठ्ठा बांधून नेलं तर परवानगी टिकते. नाहीतर पोचल्यावर 'सीएचमॉड +एक्स' द्या.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक म्हणजे 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाईल तर समोर दिसतेय! गायब असतो तो तिचा लोडर, म्हणजे तिला सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. 'रीडएल्फ -एल'च्या उत्तरात 'इंटरप्रिटर'पुढे त्याचा पत्ता असतो. तो पायवर आहे का बघा. 'जीलिबसी' या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची अमुक आवृत्ती सापडली नाही अशी तक्रार आली, तर प्रोग्रॅम तुमच्या सिस्टिमपेक्षा नव्या सिस्टिमवर बांधलाय.

'शा२५६सम'ची अक्षरं जुळली म्हणजे फाईल वाटेत बिघडली नाही, एवढंच. ती निर्धोक आहे असं नव्हे. अनोळखी फाईलवर 'एलडीडी' (लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी कमांड) चालवू नका, कधीकधी ती प्रोग्रॅमच सुरू करते. लायब्रऱ्यांची यादी 'रीडएल्फ -डी'ने बघा. पहिल्यांदा 'सुडो'शिवाय (म्हणजे प्रशासकाचे अधिकार न देता), वेगळ्या युजरखाली, 'फायरजेल --नेट=नन --प्रायव्हेट' लावून, म्हणजे प्रोग्रॅमला कोंडून, चालवा. नेट बंद राहतं आणि युजरचं होम फोल्डर त्याला रिकामं दिसतं.