पेटीचा गंधार, तंबोऱ्याचा गंधार

जालन्यात माझ्याकडे गाणं शिकायला येणारी बहुतेक पोरं भजनी मंडळातली. कानात काळी एकची (पहिल्या काळ्या पट्टीला सा धरलेली) पेटी घट्ट बसलेली. त्यांच्याकडून मी बावीस श्रुतींची (सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांची) नावं घोकून घेत नाही, आधी एक गंधार, म्हणजे ग, ऐकवते.

पहिलं काम, कूलर बंद करा. घरघरीत हे ऐकू येत नाही. तंबोरा प-सा-सा-सा लावा, घोडीवरचा दोरा सरकवून खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेची जवारी (गुंजन) मोकळी करा. आता खर्जाची तार एकटीच छेडा आणि आवाज विरेपर्यंत थांबा. दोन सप्तकं वर एक गंधार आपसूक बोलायला लागतो. तोच स्वयंभू गंधार. मोबाइलवरचा तंबोराही चालेल, पण इअरफोन लावून. त्या इवल्या स्पीकरमधून खर्ज नीट येत नाही.

तो गंधार आपल्या सप्तकात ‘आ’कारात धरा. स्थिर झाला की दुसऱ्याला पेटीचा गंधार दाबायला सांगा. आवाज लगेच थरथरतो. सा सेकंदाला 240 आंदोलनांचा (कंपनांचा) धरला तर तुमचा गंधार 300 वर, पेटीचा 302.4 च्या आसपास. सेकंदाला दोनाहून जास्त हेलकावे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेत, एकेक 100 सेंटचा (सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप). म्हणून तिचा गंधार सा पासून 400 सेंटवर, तंबोऱ्याचा 386 वर. पंचमात फरक जेमतेम 2 सेंटचा, तिथे कुणाची कुरकुर नसते. (पेटीला नावं ठेवायची नाहीत. टाळ-पखवाजाच्या गजरात 14 सेंट कोण मोजतंय?)

पुढे श्रुतींच्या आकड्यांवरून पंडितांत वाद आहेत, त्यात लगेच शिरू नका. आपल्याच देवगिरीला, यादवांच्या काळात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात बावीस तारांच्या वीणेची कसोटी कानाचीच आहे: पुढची तार इतकीच चढवायची की दोन तारांमध्ये तिसरा आवाज बसू नये.

कीबोर्डवर एकेक स्वर हलवायची सोय असेल तर शुद्ध स्वर इतके सेंट वर-खाली लावून बघा: रे +4, ग −14, म −2, प +2, ध −16, नि −12. यमनाला तीव्र मध्यम कानाने लावा. धैवताचा आकडा मात्र सगळीकडे चालवू नका. देशकार रागात हा धैवत मला उतरलेला वाटतो. तिथे मी तो चढाच घेते.